नोंद: दारकडी

४ जून

ताई,

कचेरीचं उत्तर तुला वेगळ्या पाकिटात येईल. त्यात ‘आदरणीय महोदया’ असेल, ‘आपले पत्र मिळाले’ असेल, आणि खाली माझ्या सासरच्या आडनावाची एक सही असेल. ते वाचून तुला काही म्हणजे काही कळणार नाही. म्हणून हे दुसरं पाकीट. अक्षर ओळखलंस ना? ओळखशीलच. माझा हात धरून ‘ग’ गिरवायला तूच शिकवलंस.

तर गंमत बघ. पंथाच्या छापील कागदावर, चिटणीस म्हणून झोकात सही ठोकून, तू ज्ञानकोशाला लिहितेस की ‘दारकडी’ अशी नोंद आपण घेणार असल्याचे कानावर आले आहे, असा शब्द आमच्या पंथात नाही, कधीही नव्हता, सबब ही बदनामी थांबवावी. आणि ते पत्र जाऊन पडतं कुणापुढे? माझ्यापुढे. धर्म आणि समाज विभाग, खिडकीकडून दुसरं टेबल, द-खंड. एकोणीस वर्षं मी त्या खुर्चीत बसतेय, बाई. देव आहे की नाही यावर आमच्याकडे पाच पानांची नोंद आहे, पण त्या दिवशी माझी खात्री पटली.

असा शब्द नाही म्हणतेस? मग बावीस वर्षं मी कोण आहे?

विसरली असशील तर आठवण करून देते. प्रार्थनाघराच्या दाराला लागून एक बाकडं होतं. सभेच्या मनातून उतरलेलं माणूस त्या बाकड्यावर. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, तिथेही नाही आणि घरीही नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, लिहायचंसुद्धा नाही. जो बोलेल तोही बाकड्यावर. पुस्तकात याचा कुठे उल्लेख नाही, खरं आहे तुझं. पण स्वयंपाकघरात, पायऱ्यांवर, न्हाणीघराच्या रांगेत सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द. अमकी दारकडी झाली. तमक्याला दारकडं केलं.

शिवणकाम करणारी ती म्हातारी आठवते? सात वर्षं बाकड्यावर होती. तिच्या मुलाला मुलगा झाला आणि तो बाप्या तिच्यापुढे तीन रांगा सोडून बसलेला, पण आईला सांगायची सोय नाही. मी चपलेचा पट्टा लावायचं निमित्त करून वाकले आणि म्हटलं, “आजी, नातू झालाय. दोघं बरी आहेत.” बस, एवढंच. तिनं मान वर केली नाही. फक्त तिची बोटं मांडीवर शिवण घातल्यासारखी हलली.

तू पाहिलंस. पुढच्या सभेत तू उभी राहिलीस, पदर नीट केलास, आणि सांगितलंस. आई तुझ्या शेजारी बसली होती आणि स्वतःचे हात बघत होती.

तो शब्द मी छापणार आहे, ताई. जाड कागदावर, ठळक अक्षरांत. आमच्या मुख्य संपादक सरांना जाऊन सांग की या बाई माझी बहीण लागतात, यांच्याकडून फाइल काढून घ्या. सांगच. पण त्यासाठी मी तुझी बहीण आहे हे तुला लिहावं लागेल. बावीस वर्षांत ते तुला एकदाही जमलेलं नाही.

तुझी,
दारकडी

२३ जून

ताई,

अगं, किती भोळी गं तू! मला उत्तर दिलं नाहीस, हे तुझ्या रीतीला धरूनच झालं. पण कचेरीला परत लिहिलंस आणि काय लिहिलंस! ‘सदर शब्द काही अडाणी सभासद खाजगीत वापरत असतीलही, परंतु त्याचा अर्थ काही काळ दाराजवळ बसून मौन पाळणे एवढाच आहे.’ म्हणजे आधी शब्दच नव्हता, आणि तीन आठवड्यांत त्याला अर्थसुद्धा फुटला. मी ते वाक्य मोठ्यांदा वाचून दाखवलं. सगळा विभाग हसला. मीच सगळ्यात जास्त हसले.

आता आमच्या घरचा कायदा ऐक, म्हणजे तुला कळेल मी कुठे अडलेय. इथे कुठल्याही पंथाची बोलीतली गोष्ट नोंदीत घ्यायची तर तिला तीन लेखी पुरावे लागतात, आणि ते तीन वेगवेगळ्या हातांचे लागतात. ऐकीव चालत नाही. मी स्वतः चार महिने त्या बाकड्यावर बसले, याला इथे फुटक्या कवडीची किंमत नाही. पहिला पुरावा एका नर्सबाईंच्या आठवणींचं पुस्तक. त्यांच्या वॉर्डात एक बाई होती, तिला भेटायला येणारे दाराशी उभे राहून नुसते बघून जायचे. विचारलं तर म्हणाले, ती दारकडी आहे. दुसरा पुरावा न्यायालयातला एक अर्ज. एका आईनं मुलाशी बोलायला मिळावं म्हणून केलेला. तिसरा नव्हता. तो तू दिलास, असं मी धरून चालले होते.

पण आमच्याकडे कात्री आहेत ना! कात्री म्हणजे माझ्या समोरच्या टेबलावरचे संपादक. खरं नाव सगळे विसरलेत. आठ ओळींची नोंद त्यांच्याकडे गेली की पाच ओळींची होऊन येते. त्यांनी तुझं पत्र चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, “बाई, हे पुराव्यात धरता येत नाही. यांनी शब्दाबद्दल लिहिलंय. कुणाला लावलेला नाही.”

मी म्हटलं, “अहो, अर्थ दिलाय की सरळ सरळ!”

“अर्थ काय, मीही देईन. कुणीतरी कुणालातरी दारकडी म्हटलेलं दाखवा. आणि खरं सांगू का? हा ज्ञानकोश आहे, शब्दकोश नाही. सहा हजार माणसांच्या तोंडातला एक शब्द. उद्या माझ्या आजोळी म्हशीला काय म्हणतात तेही घ्याल.”

“म्हशीशी बोलणं बंद करतात का तुमच्या आजोळी?” मी विचारलं.

त्यांनी फाइल परत माझ्याकडे सरकवली. द-खंड सप्टेंबरात छापायला जातो. तोपर्यंत तिसरा हात सापडला तर नोंद, नाही तर नाही. आणि एकदा खंड छापला की पुढची आवृत्ती पंधरा वर्षांनी. तेव्हा मी घरी बसलेली असेन आणि तुम्ही लोकांनी त्या बाकड्याला नवीन रंग दिलेला असेल.

तिसरा हात माझ्या कपाटात आहे, ताई. तुला माहीत आहे कुठला. अजून बाहेर काढलेला नाही. का, ते सांगणार नाही.

दारकडी

८ जुलै

ताई,

काल तुझं पत्र आलं. पाकिटावर नवऱ्याचं नाव, आणि पुढे ‘यांच्या पत्नीस’. आत ना मायना, ना ‘प्रिय’, ना काही. सरळ मुद्दा. आईनं मला लिहिलेली अकरा पत्रं तुझ्याजवळ आहेत. तिनं ती कधी पोस्टात टाकली नाहीत, तिच्या उशीच्या अभ्र्यात सापडली. नोंद मागे घेतली तर तू ती मला देशील.

मी पाण्याचा तांब्या भरायला उठले आणि नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले. नवरा म्हणाला, पाणी वाहतंय.

अकरा! तेरा वर्षं झाली तिला जाऊन. तेरा वर्षं तू ती जपून ठेवलीस, अशी वेळ येईल म्हणूनच ना? इतकी नीच असशील असं मला वाटलं नव्हतं. मी तुला दुष्ट समजत होते, पण दुष्टपणात निदान धाडस असतं.

मी त्या घरात दारकडी होऊन चार महिने राहिले, तेव्हा आई माझं ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. मी जेवत असेपर्यंत हलायची नाही. भांडी नसली तरी भांडी घासत राहायची. मला वाटायचं, हिला माझं तोंड बघवत नाही. नंतर वाटायला लागलं, हिला जायचं नाहीये म्हणून ती उभी आहे. दोन्हीतलं खरं काय, ते बावीस वर्षं मी ठरवू शकलेले नाही. आज एक ठरवते, उद्या दुसरं. आणि त्याचं उत्तर तू अभ्र्यात भरून बसलीस.

तुला माझी नस बरोबर सापडली. कबूल करते. रात्रभर... नाही, ते जाऊ दे. सकाळी कचेरीत आले तेव्हा मी फाइलीवर ‘पुराव्याअभावी नामंजूर’ असं पेन्सिलीनं लिहिलंसुद्धा होतं. दोन शब्द खोडरबरानं जातात, एवढंच नशीब.

१५ जुलै

ताई,

झालं. आता तू माझ्याशी सौदा करूच शकत नाहीस.

सोमवारी मी कपाटातून ते कार्ड काढलं. तुझं. तेरा वर्षांपूर्वीचं, एका ओळीचं: ‘आई गेली, सगळं उरकलं, तू दारकडी असल्यानं कळवण्याचा प्रश्न नव्हता.’ तारीख आहे, सही आहे, आणि माझं नाव अर्थातच नाही. ते आलं त्याच्या आधी आठ दिवस ती गेलेली होती. मी ते कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, तिसरा हात.

सरांनी उलटंपालटं करून बघितलं. “हे तुमच्याकडे कसं?”

“मला आलं होतं. लिहिणारी माझी सख्खी बहीण.”

सरांनी कार्ड खाली ठेवलं. मग म्हणाले, “बाई, म्हणजे तुम्हाला ही फाइल सोडावी लागेल. आजच.”

“माहीत आहे.”

“आणि खंड छापून येईपर्यंत तुम्हाला तिच्यातला एक कागद बघता येणार नाही. नात्यातल्या माणसाला फाइल बंद.”

“तेही माहीत आहे. समितीत हा नियम मीच लिहून घेतला होता.”

फाइल कात्रींकडे गेली. आता ते ठरवतील. मला नोंद मागे घ्यायची झाली तरी घेता येणार नाही, आणि ते मी मुद्दाम केलं, हे तुला कळायला हवं. कारण मला माझा भरवसा नव्हता. आईच्या अक्षरातल्या एका कागदासाठी मी तो शब्द, ती शिवणवाली म्हातारी, ती न्यायालयातली आई, सगळ्यांना विकून मोकळी झाले असते. म्हणून हातच तोडून टाकला. आता ठेव अकरा पत्रं. उशाला घे. जाळ.

आणि एक सांगते, म्हणजे तुझी झोप उडेल. नोंदीच्या खाली पुरावे देणाऱ्यांची नावं छापतात. पूर्ण नावं. तू माझं नाव लिहायचं टाळलंस, आणि तुझं नाव मात्र जिथे जिथे तो शब्द उघडेल तिथे तिथे त्याच्या पायाशी असेल. शाळांच्या कपाटांत, वाचनालयांत, तुमच्या प्रार्थनाघराशेजारच्या वाचनालयातसुद्धा. कशी वाटली धाकटी?

३ ऑगस्ट

ताई,

मी तुला पाहिलं.

तू आमच्या कचेरीत आलीस तेव्हा साडेअकरा झाले होते. केस पूर्ण पांढरे, आणि गुडघे आईसारखे बाहेर वळलेले. आवक-जावकच्या बाईंना तू पंथाच्या नोंदीची फाइल बघणाऱ्या द-खंडाच्या बाई कुठे बसतात विचारलंस. त्या माझ्याकडे आल्या. मी काचेआडून तुझ्याकडे बघत म्हटलं, “सांगा, ती फाइल माझ्याकडे नाही. कात्रींना भेटा. ते छापखान्यात गेलेत, येतील तेव्हा येतील.”

आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांसाठी एकच बाकडं आहे, ताई, आणि ते कुठे आहे ते तू पाहिलंसच. बाईंनी तुला बसायला सांगितलं. तू नको म्हणालीस. पिशवी छातीशी धरून तू भिंतीला टेकून उभी राहिलीस. बारा वाजले. साडेबारा झाले. आमची डब्याची सुट्टी झाली, लोक तुला वळसा घालून हात धुवायला गेले. बाई पुन्हा म्हणाल्या, “अहो, बसा की, पाय दुखतील.” तू पुन्हा नको म्हणालीस. एक पाय उचलून दुसऱ्यावर भार द्यायचीस, मग पुन्हा पहिल्यावर.

मला आतून एक खुर्ची बाहेर पाठवता आली असती. माझ्या शेजारीच एक रिकामी होती, तिच्यावर मी डबा ठेवते. मी डबा उचलला नाही.

पावणेतीनला तू बसलीस. दाराशी, बाकड्याच्या अगदी कडेला, पाठ ताठ आणि डोळे जमिनीकडे. जसं तिथे बसतात तसं. कुणी सांगावं लागलं नाही तुला.

बावीस वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. आणि तू बसलीस तेव्हा मी आजूबाजूला बघितलं, की आणखी कुणी बघतंय का. कुणी बघत नव्हतं. कुणाला दिसायचं काय होतं? एक म्हातारी बाई दमून बाकड्यावर बसली. मी कुणाला हलवून सांगणार होते की अहो, हे बघा, हिला बघा? सांगायला शब्द लागतो, आणि तो अजून छापायचाय. इतका संताप आला मला. तुझा आला, आणि ते जाऊ दे.

मी मागच्या जिन्यानं घरी गेले. तू कधी उठलीस ते मला माहीत नाही.

२१ ऑगस्ट

ताई,

पिशवीत काय होतं ते मला परवा कळलं.

कात्री त्या दिवशी आलेच नाहीत. चार वाजता तू आवक-जावकच्या खिडकीशी गेलीस आणि एक पुडकं दिलंस. अट नाही, सोबत पत्र नाही, फक्त वर एक चिठ्ठी: ‘धाकटीस द्यावे’. आवक-जावकच्या बाई शहाण्या आहेत, पण आमच्या कचेरीत धाकटी नावाचं कुणी नाही, याला त्या काय करणार? त्यांनी हजेरीपट बघितला. मग सकाळी तू कुठली फाइल विचारत होतीस ते त्यांना आठवलं. हातोहात आलेला कागद ज्या फाइलीसाठी आला तिथे जातो, हा त्यांचा नियम. त्यांनी अकराच्या अकरा पत्रांवर आवकचा शिक्का मारला, क्रमांक घातले आणि फाइलीत लावली. कात्रींच्या फाइलीत. मला बंद असलेल्या.

माझं नाव लिहायचं होतंस गं! एकदा! तीन अक्षरं! तू एवढं सगळं मोडलंस, घर सोडून आलीस, त्या बाकड्यावर बसलीस, काही न मागता ती पत्रं देऊन टाकलीस, आणि माझं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तुझा हात सभेत जाऊन बसला. हसू की रडू ते कळेना मला. दोन्ही केलं, जिन्यात.

सरांकडे गेले. म्हटलं, ती माझ्या आईची पत्रं आहेत, मला लिहिलेली. सर हळू आवाजात म्हणाले, “बाई, तुमची मिळतीलच तुम्हाला. खंड छापून आला की. छपाई, बांधणी धरून वर्ष-दीड वर्ष. आज दिली आणि उद्या तुमच्या बहिणीनं विचारलं, पुरावा कुणाच्या हातात होता, तर?” बरोबर आहे त्यांचं. मीही हेच म्हटलं असतं.

आता ऐक माझं सध्या काय चाललंय ते. माझ्या समोर, एका हाताच्या अंतरावर, कात्री माझ्या आईची पत्रं वाचतात. सकाळी दोन, दुपारी एक, असं. मला पाठीमागची बाजू दिसते. निळी शाई पलीकडून उमटलेली दिसते, पण वाचता येत नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत. नियमच आहे, या फाइलीबद्दल माझ्याशी बोलायचं नाही, आणि बिचाऱ्यांना बोलताना चूक होईल अशी इतकी धास्ती, की त्यांनी कुठल्याच विषयावर बोलणं बंद केलंय. माझ्या चहाची बशी भरून माझ्या बाजूला ठेवतात आणि पाठ फिरवतात. काल सहाव्या पत्रावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

आज दुपारी नोंद मंजूर झाली. निर्णय मात्र मला कळवावा लागतो, कारण खंडाची पानं मीच मोजते. कात्री उभे राहिले, माझ्याकडे न बघता म्हणाले, “दारकडी घेतली. अर्धं पान. एक ओळही कापलेली नाही.” मग दाराकडे गेले, परत आले, आणि म्हणाले, “तीन हात हवे होते. चार झाले.”

त्यांना वाटलं ते मला एक आकडा सांगतायत.

चौथा हात आईचा, ताई. म्हणजे आईनं तो शब्द लिहिलाय. नुसता त्याच्याबद्दल लिहिलेला त्यांना चालत नाही, कुणालातरी लावलेला हवा. तिनं तो कुणालातरी लावलाय. तुझं नाव नोंदीखाली छापून येणार आणि आता त्याच्या खाली तिचंही. मी जिंकले म्हणायचं ना याला? मला हवं ते सगळं झालंय. तुझं नाक कापलं गेलं. मी पानं मोजतेय आणि माझे आकडे चुकतायत.

त्या पत्रांत काय आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे. कात्री सांगणार नाहीत. राहिलीस तू. तुझ्याकडे काही मागायचं नाही अशी मी शपथ घेतली होती, आणि ती मी मोडतेय, त्याचा तुला काय आनंद व्हायचा तो होऊ दे.

आईनं तो शब्द कुणाला लावलाय? मला, की माझ्यासाठी स्वतःला?

उत्तर दे. एक ओळ पुरे, तुला एका ओळीची सवय आहे. आणि पाकिटावर माझं नाव घाल, नाहीतर तेही फाइलीत जाईल.